गाण्याला मार्क देणारी माणसं

मला गाता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. हार्मोनियमच्या दोन परीक्षा शाळकरी वयात दिल्या, तिसरीला बसलो नाही, आणि पुढे बत्तीस वर्षं सोलापुरातल्या एका हायस्कुलात भूगोल शिकवला. तरीही निवृत्तीनंतर शहरातल्या शंभरावर संगीतरसिकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपची सूत्रं माझ्याकडे आली. त्याचं कारण माझा कान नव्हे. ग्रुपमधल्या बाकी सगळ्यांना गाण्यातलं कळत होतं, त्यामुळे त्यांच्यातला कोणीच दुसऱ्याला ॲडमिन होऊ देत नव्हता. माझ्या नावावर मात्र सगळ्यांचं झटकन एकमत झालं. त्या वेळी मला तो सन्मान वाटला होता.

सुरुवातीला ग्रुप साधा होता. सकाळी कोणीतरी एखादं रेकॉर्डिंग टाकायचं आणि दुपारच्या जेवणापर्यंत त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागायची. एक बाई प्रत्येक रेकॉर्डिंगखाली 'निःशब्द' असं लिहायच्या. त्या रोज निःशब्द असायच्या, सणासुदीला दोनदा. ग्रुपमध्ये एक निवृत्त इंजिनियर होते. त्यांनी एकदा घड्याळ लावून बघितलं, तर बावन्न मिनिटांचं गाणं टाकल्यावर चौथ्याच मिनिटाला एकोणीस जणांनी 'वा' लिहिलेलं. त्यांनी खाली एवढंच विचारलं, की हे ऐकलं कोणी? त्या प्रश्नावरून जी जुंपली ती दोन आठवडे चालली.

भांडण असं होतं, की गाण्यावर लिहायचं म्हणजे नेमकं काय लिहायचं. एका बाजूला आमचे डॉक्टर. ते लहान मुलांचे डॉक्टर आहेत आणि दिवसभर रडणं ऐकल्यामुळे असेल, पण गाण्याबद्दल फार हळवे आहेत. त्यांचं म्हणणं, गाणं ऐकून आपल्या आत काय झालं ते लिहावं. इंजिनियरांचं म्हणणं, तुमच्या आत काय झालं ते घरच्यांना सांगा, गाण्यात काय झालं ते इथं लिहा. त्यांच्या मोबाइलमध्ये सूर मोजायचं एक ॲप होतं आणि त्यांचा त्या ॲपवर स्वतःच्या कानापेक्षा जास्त विश्वास होता. तिसरे एक तबल्याचे शिक्षक. त्यांना दोन्ही बाजू मान्य नव्हत्या, कारण दोन्ही बाजूंनी तबल्याचा उल्लेखही होत नव्हता. बाकीचे लोक ज्याचा मेसेज शेवटी आला असेल त्याच्या बाजूचे होते.

त्यात नावांची भानगड वेगळीच. मोठ्या गायकाचं नाव दिसलं की आमचे लोक ऐकण्याआधीच हात जोडायचे आणि नवख्याचं नाव दिसलं की ऐकण्याआधीच चुका सापडायच्या. इंजिनियरांनी एकदा एका फार मोठ्या गायकाचं तरुणपणीचं रेकॉर्डिंग 'माझा भाचा' म्हणून टाकलं. लोकांनी भाच्याला खर्जाची मेहनत करायला सांगितली, एकानं तर गाण्याचा नाद सोडून शिक्षणाकडे लक्ष दे असा वडीलकीचा सल्ला दिला. खरं नाव कळल्यावर दोघं ग्रुप सोडून गेले आणि तिसऱ्यानं, या गायकाचं तरुणपणी थोडं तसंच व्हायचं, असं सांगून जागा राखली.

हे सगळं बघून माझ्यातला जुना माणूस जागा झाला. मी वीसेक वर्षं बोर्डाचे पेपर तपासले आहेत, त्यातली शेवटची काही मॉडरेटर म्हणून. मॉडरेटर म्हणजे तपासलेला पेपर पुन्हा तपासणारा, ज्याच्यावर परीक्षक मनातल्या मनात चिडलेले असतात तो. मी ग्रुपवर लिहिलं, की दहावीच्या पोरांना जो न्याय मिळतो तो गाण्याला का मिळू नये? पेपरावर नाव नसतं, बैठक क्रमांक असतो. गाण्यालाही बैठक क्रमांक द्या. दर सोमवारी एक रेकॉर्डिंग येईल, नाव न सांगता. मी त्याला क्रमांक देईन. रविवारपर्यंत सगळ्यांनी ऐकून मार्क पाठवायचे. स्वर, लय, शब्दोच्चार, मांडणी आणि भाव, प्रत्येकी दहा, एकूण पन्नास. रविवारी सकाळी मी निकाल लावीन आणि मगच पाठवणाऱ्यानं गाणाऱ्याचं नाव सांगायचं.

लोकांना हे इतकं आवडलं की मला थोडी शंका यायला हवी होती. मार्क द्यायला मिळणार म्हटल्यावर कधी तोंड न उघडणारी माणसंही कामाला लागली. मी चौदा नियम केले. 'वा' बंद. जोडलेले हात बंद. अभिप्राय किमान चाळीस शब्दांचा. निकालाआधी गाणाऱ्याची किंवा गाण्याची ओळख देणं बंद. रेकॉर्डिंगसोबत गाणाऱ्याबद्दल काहीही लिहिणं बंद, कारण कोणाचं वय, कोणाचं आजारपण, कोणाची हलाखी कळली की माणसाचा हात सैल सुटतो. चौदावा नियम असा की ग्रेस मार्क नाहीत. निःशब्द बाईंनी पहिल्याच आठवड्यात आपण निःशब्द का झालो हे बरोबर चाळीस शब्दांत लिहून पाठवलं.

सहा महिने हे झकास चाललं. मला रविवारची ओढ लागायला लागली. सकाळी चहा घेऊन मी बाल्कनीत बसायचो, मागच्या गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट सुरू असायचा आणि मी मोबाइलवर बेरजा करायचो. डॉक्टर सगळ्यांना भावाचे नऊ द्यायचे, इंजिनियर कोणालाच स्वराचे सहाच्या वर द्यायचे नाहीत, मी मध्ये बसून दोघांना सरळ करायचो. बायको म्हणाली, तुम्ही रिटायर झाला आहात हे शाळेला कळलंय, तुम्हालाच कळलेलं नाही. मी तिचं बोलणं हसण्यावारी नेलं.

मग सत्तावीस क्रमांकाचं रेकॉर्डिंग आलं.

ते पाठवणारा ग्रुपमधला एक साउंडवाला होता. पंचेचाळिशीचा, जवळच्या मंद्रूप गावचा, घरात कानडी आणि बाहेर मराठी बोलणारा. शहरातल्या लहानमोठ्या कार्यक्रमांना माइक आणि स्पीकर तो लावायचा. आमच्या वार्षिक मेळाव्याला त्यानं एकदा सगळी व्यवस्था मोफत केली, म्हणून आम्ही त्याला ग्रुपमध्ये घेतलं होतं. घेतलं होतं, हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. तो कधी काही लिहायचा नाही. मार्क मात्र दर आठवड्याला वेळेवर पाठवायचा, आणि नंतर माझ्या लक्षात आलं की ते ग्रुपच्या सरासरीच्या अगदी जवळ असायचे. तो आधी दोन-चार जणांचे मार्क बघून घेत असावा.

त्या सोमवारी आमच्याकडे पाणी यायचा दिवस होता. मी टाकी भरत होतो, एका हातात पाइप, दुसऱ्या हातात मोबाइल. त्याचं रेकॉर्डिंग आलं आणि त्याच्याखाली लगेच त्याचा मेसेज आला. 'सर ही आमची आई' एवढे शब्द मी वाचले. तिथं थांबलो आणि मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला.

मी का थांबलो हे सांगायला हवं, कारण त्याचा मला त्या वेळी अभिमान होता. ज्यांनी बोर्डाचे पेपर तपासले आहेत त्यांना ठाऊक असेल, दर गठ्ठ्यात एखाद्या पोरानं शेवटच्या पानावर विनवणी लिहिलेली असते. सर, माझी आई आजारी आहे, मला पास करा. सर, माझं लग्न ठरवतायत. नव्या परीक्षकाला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचो, की ते वाचायचं नाही. पहिले दोन शब्द दिसले की लाल रेघ ओढायची आणि पान उलटायचं. वाचलं की तुमचा हात हलणार, आणि ज्यानं विनवणी लिहिली नाही त्याच्यावर अन्याय होणार. मी स्वतः इतक्या वर्षांत असलं एकही पत्र पूर्ण वाचलेलं नाही. मोबाइलवर लाल रेघ ओढता येत नाही, पण डिलीट करता येतं.

मग मी रेकॉर्डिंग ऐकलं. सव्वा मिनिटाचं होतं. म्हाताऱ्या बाईचा आवाज, गाणं कानडी. माझी कानडी भाजीबाजारापुरती आहे, पण एवढं कळलं की कोणीतरी सासुरवाशीण पोपटाला निरोप देऊन माहेरी पाठवते आहे. पोपट शेतं ओलांडतो, ओढा ओलांडतो, आईच्या दारात पोचतो. तिथं बाई अडते. तिसरी ओळ सुरू होते आणि सुटते. मग 'आं, आं' असा आवाज, लाकडावर तळहात आपटल्याचे दोन ठोके, पुन्हा पहिल्यापासून गाणं, पुन्हा त्याच ठिकाणी अडणं. शेवटी कुकरची शिट्टी होते आणि रेकॉर्डिंग संपतं.

मी त्याला सत्तावीस क्रमांक दिला आणि ग्रुपवर लिहिलं, लोकसंगीत, मूल्यमापनाची कसोटी पाहणारा नमुना, सर्वांनी विचारपूर्वक मार्क द्यावेत. वाक्य मलाच आवडलं होतं.

पुढच्या आठवड्यात जी चर्चा झाली तशी त्या ग्रुपवर कधी झाली नव्हती. इंजिनियरांनी दुसऱ्या वेळी सूर किती खाली उतरला ते मोजून सांगितलं. तबल्याच्या शिक्षकांना लाकडावरचे ठोके ऐकून पहिल्यांदाच ग्रुपमध्ये न्याय मिळाल्यासारखं झालं, पण त्यांनी परखडपणे लिहिलं, की हातानं ताल धरण्याचा प्रयत्न दिसतो, ठोके मात्र अवेळी पडतात. कुकरच्या शिट्टीचे मार्क कापायचे की नाहीत यावर मतदान घ्यावं लागलं. डॉक्टरांनी तर कमाल केली. त्यांनी त्या अडण्यावर लांबलचक टिपण लिहिलं. पोपट आईच्या दारात पोचतो आणि गाणं तिथंच थांबतं, पुढचं गायिका जाणीवपूर्वक आपल्यावर सोडते, ही न गायलेली ओळ हेच या गाण्याचं सौंदर्य आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी मांडणीला दहापैकी दहा दिले. इंजिनियरांनी एक दिला आणि विचारलं, की परीक्षेत अर्धं उत्तर लिहून आलेल्या पोराला तुम्ही सौंदर्याचे मार्क देता का? मला प्रश्न रास्त वाटला.

मंगळवारी ग्रुपमधल्या एका सिस्टरांनी एक मेसेज आणि एक आवाजी मेसेज टाकला. त्या इथल्या दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त आहेत, माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. त्यांनी लिहिलं होतं, हे गाणं माझी आई म्हणायची, मला सगळं येतं, पुढची ओळ अशी आहे. निकालाआधी गाण्याची ओळख देणं म्हणजे सरळसरळ नियमभंग. मी आवाजी मेसेज न ऐकता दोन्ही काढून टाकले आणि खाली नम्रपणे लिहिलं, की सदस्यांनी संयम पाळावा. सिस्टर त्याच दुपारी ग्रुप सोडून गेल्या. बायका फार लवकर मनाला लावून घेतात, असं मी घरी म्हणालो, आणि ते ऐकून बायकोनं माझ्यापुढं भाकरी जरा जोरातच ठेवली.

रविवारी निकाल लावला. स्वर चार, लय तीन, शब्दोच्चार सहा, मांडणी दोन, भाव सहा, एकूण एकवीस. मांडणीचे डॉक्टरांचे दहा मी मॉडरेट केले होते. मग रिवाजाप्रमाणे पाठवणाऱ्यानं नाव सांगायचं होतं. बऱ्याच वेळानं साउंडवाल्याचं उत्तर आलं, 'आमची आई हाय. सगळ्यांना धन्यवाद.' खाली कोणीतरी लिहिलं, वयाच्या मानानं चांगलं. पुढे आणखी दोन आठवडे आम्ही अपूर्ण गाण्याचं मूल्यमापन करावं की करू नये यावर भांडलो आणि शेवटी पंधरावा नियम केला, की अपूर्ण रेकॉर्डिंग स्वीकारलं जाणार नाही.

या चर्चेचा बोलबाला ग्रुपबाहेरही झाला असावा, कारण पुढच्या महिन्यात एका वाचनालयानं मला 'गाणं कसं ऐकावं' या विषयावर बोलायला बोलावलं. संध्याकाळी पाचचा कार्यक्रम होता, तीसेक श्रोते, आणि माइक लावायला हाच साउंडवाला. त्यानं माझ्या उंचीप्रमाणे माइक खाली केला, दोनदा टिचकी मारून बघितला आणि खिडकीजवळ जाऊन उभा राहिला. मी पन्नास मिनिटं बोललो. पूर्वग्रह बाजूला ठेवून ऐकावं, गाणारा कोण हे विसरून ऐकावं, असं बरंच काही सांगितलं. टाळ्या पडल्या. शेंगाचटणीचं एक पाकीट आणि टॉवेल देऊन माझा सत्कार झाला.

लोक गेल्यावर तो वायर गुंडाळत होता. मी चांगल्या मनःस्थितीत होतो. त्याच्याजवळ जाऊन म्हणालो, तुमच्या आईला यंदाच्या मेळाव्याला आणा, त्या दिवशी गाणं अर्धंच राहिलं होतं, आम्हाला पूर्ण ऐकायचंय. हे बोलताना मला स्वतःच्या मोठेपणाचं कौतुक वाटत होतं, हेही कबूल करतो.

त्यानं वायर गुंडाळणं थांबवलं नाही. "ती आता म्हणत न्हाय, सर," तो म्हणाला.

मी विचारलं, आजारी आहेत का? मग त्यानं हळूहळू सांगितलं. आई चार वर्षांपासून विसरायला लागलेली. आधी चुलीवरचं विसरायची, मग वार विसरायची, मग सून कोण ते विसरली. त्याला कधी ओळखायची, कधी पाहुणा समजून पाणी द्यायची. सगळं गेलं, हे एक गाणं तेवढं राहिलं होतं. तेही सगळं नाही, दोन ओळी. तिसरीला अडायची आणि अडली की स्वतःवर चिडायची, खाटेवर हात आपटायची, कधीकधी रडायची. दिवसातून दहा वेळा. यानं गावात विचारलं. म्हाताऱ्या बायकांना पोपटाची गाणी येत होती, पण प्रत्येकीचा पोपट वेगळ्या वाटेनं जायचा. आईचं माहेर तिकडं कर्नाटकात, तिथं तिच्या पिढीतलं कोणी उरलं नव्हतं.

"म्हणून तर ग्रुपवर इचारलो होतो की," तो म्हणाला. "म्हणलं, हितं एवढी जाणती माणसं हायत. पुढची ओळ कुणाला तर येत असंल. तिला सांगितली तर ती पुढं जाईल, तिचं मन शांत हुईल."

"कधी विचारलं होतं?"

"गाण्याखालीच लिवलो होतो, सर. तुमी काढला तो मेसेज."

 रिकाम्या खुर्च्यांमधली एक ओढून मी बसलो. आईचे ते दोन ठोके, ज्यांना आम्ही अवेळी म्हणून लयीचे तीन दिले होते, ते मला बसल्या जागी ऐकू यायला लागले. मी विचारलं, म्हणायचं कधी बंद केलं? तो म्हणाला, धा-बारा दिवस झाले. आधी रोज अडायची. मग एक दिवस सुरूच केलं नाही, पुन्हा केलं नाही. रेकॉर्डिंग पाठवून सहा आठवडे होत आले होते. सिस्टरांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं होतं.

घरी गेल्या गेल्या सिस्टरांना फोन लावला. काय घडलं ते सगळं सांगितलं, कुठेही स्वतःला वाचवलं नाही. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या, "मी मंगळवारीच टाकले होते की, सर." मी म्हणालो, हो. त्यांनी गाव कुठलं ते विचारलं. मग म्हणाल्या, सकाळच्या यष्टीनं निघू, ऊन व्हायच्या आत पोचलेलं बरं.

मंद्रूपला त्याचं घर रस्त्यालगतच होतं. पुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्पीकर एकावर एक रचलेले आणि आतल्या खोलीत खाटेवर आई. लहानखुरी, स्वच्छ नेसवलेली, कपाळाला विभूती. सुनेनं नुकतीच वेणी घातली असावी. आम्ही आत गेल्यावर ती आमच्याकडे बघून हसली, पाहुण्यांकडे बघून हसतात तशी. तिचा उजवा हात खाटेच्या लाकडी कडेवर होता आणि मला त्या हाताकडे बघवेना.

साउंडवाल्यानं आधी पंखा बंद केला. सुनेला कुकर उतरवायला सांगितला. पुढचं दार लोटून घेतलं, मोबाइल उशीजवळ एका डब्याला टेकवून उभा केला. सहा आठवड्यांपूर्वी आम्ही कुकरच्या शिट्टीवर मतदान घेतलं होतं.

सिस्टर खाटेवर टेकल्या. सवयीनं त्यांनी आधी नाडी धरली, मग हात तसाच हातात ठेवला आणि गायला लागल्या. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसरीत पोपट दारात बसला आणि गाण्यातल्या आईनं हातातलं पाखडायचं सूप खाली ठेवलं. चौथीत तिनं पोपटाला विचारलं, माझी लेक वेळेवर जेवते का. पुढं आणखी तीन ओळी होत्या, त्यांत पोपटाला दाणे मिळाले, परतीचा निरोप मिळाला. सिस्टरांचा आवाज पासष्टीचा होता, खालच्या पट्टीत जरा हलत होता. सवयीनं माझ्या डोक्यात आकडा आला. त्याची मला इतकी लाज वाटली की मी भिंतीकडे तोंड केलं.

म्हातारीनं सगळं गाणं मन लावून ऐकलं. मान एकदाही हलली नाही, ओठही हलले नाहीत. तिसरी ओळ आली तेव्हा मुलगा तिच्याकडे वाकून बघत होता. ती सिस्टरांच्या तोंडाकडे बघत होती. गाणं संपलं तेव्हा ती म्हणाली, "छलो अद." चांगलं आहे. मग तिनं चौकशी केली, हे कोणाचं गाणं?

सिस्टर कानडीत म्हणाल्या, तुमचंच आहे, अम्मा. त्यावर ती हसली, कोणीतरी थट्टा केली असं समजून, आणि सुनेला म्हणाली, यांना चहा दे.

मुलगा म्हणाला, "अजून एकदा म्हणा की, अक्का." सिस्टरांनी अजून एकदा म्हटलं. म्हातारीनं ते पुन्हा पहिल्यांदाच ऐकलं आणि पुन्हा म्हणाली, छलो अद. तिसऱ्यांदा म्हणायला सांगायचं त्याच्या मनात असावं, पण त्यानं सांगितलं नाही. मोबाइल उचलून त्यानं रेकॉर्डिंग बंद केलं आणि खोलीबाहेर गेला.

चहा झाल्यावर सिस्टर सुनेशी बोलत आत थांबल्या. मी शेडमध्ये आलो. तो एका स्पीकरवर बसला होता. मला बघून उठला, मला बसायला जागा करून दिली. मी त्याची माफी मागितली. माझं चुकलं, मी तुमचा मेसेज वाचलाच नाही, सिस्टरांचंही उत्तर मीच काढलं, असं सरळ सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. तुमचं काय चुकलं, नियमच होता की, असं काहीतरी पुटपुटला. तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

मग मला राहवेना. मी विचारलं, "पण तुम्ही पुन्हा का नाही विचारलंत? मला एक फोन करायचा होता."

"करणार होतो, सर," तो म्हणाला. "मेसेज काढला तवा वाटलं, माझंच काय तर चुकलं असंल. म्हणलं रविवारपर्यंत थांबू, निकाल लागला की इचारू."

"मग?"

त्यानं आतल्या खोलीकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.

"पन्नासात एकवीस पडले की तिला. एवढे कमी मार्क पडलेल्या गाण्याची पुढची ओळ कुणाला इचारायची, सर? लाज वाटली."